पाहुणे विद्यार्थी आणि गावचे पाणी

अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याला, पाहुण्यांची कधी वाण पडली नाही. शिर्डी आणि शनिशिंगणापूर येथे येणाऱ्या भाविकांची गोष्ट वेगळी. परंतु जामखेड, राळेगणसिद्धी, हिवरे बाजार आणि दरेवाडी या गावांकडे गेली कित्येक वर्षे निराळ्याच प्रकारचे पाहुणे येत आहेत. त्यांच्यापाशी नवस नसतो, वही असते. कोणी वैद्यकशास्त्राचे, कोणी अर्थशास्त्राचे, तर कोणी अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात. आपल्याच राज्यातील महाविद्यालयांतून ते येतात, तसेच सातासमुद्रापलीकडूनही येतात. खेड्याला पिण्याचे पाणी कसे मिळते, ते किती दिवस टिकते आणि सांडपाण्याचे व मैल्याचे काय होते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे असते.

ही मंडळी येतात तेव्हा गावात त्यांचे स्वागत होते. सरपंच शिवार दाखवितात, मुले गोळा होतात, छायाचित्रे निघतात. काही आठवड्यांनी पाहुणे परततात आणि त्यांचा प्रबंध दूरच्या एखाद्या ग्रंथालयात जाऊन बसतो. त्या प्रबंधासाठी मोजलेली विहिरींची पातळी, तपासलेले पाणी, काढलेला नकाशा यांपैकी काहीही ग्रामपंचायतीच्या दप्तरात उरत नाही, असा अनुभव अनेक गावांना आहे. पुढे दोन-तीन वर्षांनी नव्या नळयोजनेचे अंदाजपत्रक तयार करावयाची वेळ आली, की उद्भवाची, म्हणजे ज्या विहिरीवर योजना उभी राहावयाची त्या विहिरीची, उन्हाळ्यातील खरी क्षमता कोणालाच ठाऊक नसते. मग अंदाजाने आकडा लिहिला जातो. योजना पूर्ण होते, टाकी उभी राहते आणि एप्रिलमध्ये गावात पुन्हा टँकर येतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या या अभ्यासाकडे पाहुणचाराचा विषय म्हणून न पाहता गावच्या हिशेबाचा विषय म्हणून पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

परदेशी विद्यार्थी येतात कशासाठी?

युरोप-अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षणात पाणीपुरवठा म्हणजे मोठे धरण, शुद्धीकरण केंद्र, भूमिगत नळ आणि मलवाहिनी असा सरधोपट अर्थ दीर्घकाळ रूढ होता. परंतु जगातील फार मोठी ग्रामीण लोकवस्ती या व्यवस्थेच्या बाहेर आहे आणि तिला ती परवडणारीही नाही, ही जाणीव तेथील विद्यापीठांत हळूहळू झाली. कोलोराडो विद्यापीठातील स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक बर्नार्ड आमादेई हे २००० मध्ये मध्य अमेरिकेतील बेलिझ देशाच्या सान पाब्लो या खेड्यात गेले होते. तेथे लहान मुली शाळेत जाण्याऐवजी नदीवरून पाणी वाहताना त्यांना दिसल्या. आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी त्या गावासाठी जवळच्या धबधब्याच्या शक्तीवर चालणारा पंप बसविला. २००२ मध्ये त्यातूनच ‘सीमारहित अभियंते’ या आशयाच्या नावाची अमेरिकी संस्था उभी राहिली. एखाद्या गावाचे काम हाती घ्यावयाचे तर त्या गावाशी किमान पाच वर्षांचा संबंध ठेवला पाहिजे, असा नियम पुढे तिने केला. ही पाच वर्षांची अट महत्त्वाची आहे. यंत्र बसविण्यास आठवडा पुरतो. ते यंत्र गावचे झाले की नाही, हे कळावयास काही उन्हाळे जावे लागतात.

ही अट न पाळल्यास काय होते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत मिळते. मुलांनी खेळण्याचे चक्र फिरवावे आणि त्या फिरण्याने जमिनीतील पाणी टाकीत चढावे, अशी ‘प्लेपंप’ नावाची कल्पना तेथे निघाली. कल्पना मोठी मोहक होती. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी मोठ्या निधीची घोषणा झाली. परंतु मुले सतत खेळत नाहीत. मग चक्र फिरविण्याचे काम बायकांवर येऊन पडले; यंत्र बिघडले की दुरुस्ती गावाच्या हाती नव्हती आणि काही ठिकाणी चालू असलेला साधा हातपंप काढून हे यंत्र बसविण्यात आले होते. अवघ्या तीन-चार वर्षांत त्या योजनेचा गाशा गुंडाळावा लागला. हातपंपाला हसणाऱ्यांनी ही हकीगत लक्षात ठेवावी.

जामखेडचा हातपंप

या विषयाचा जामखेडइतका मोलाचा धडा क्वचितच अन्यत्र मिळेल. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्यशास्त्र शिकून आलेले. त्यांनी रुग्णालय काढले खरे, पण रोग्यांपैकी पुष्कळांचे दुखणे अशुद्ध पाण्यातून आणि उपासमारीतून आलेले आहे, हे त्यांना लवकरच दिसून आले. त्यातच १९७२ चा दुष्काळ पडला. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हतीच, पाण्याची होती. तेव्हा प्रकल्पाने विंधनविहिरी खोदून हातपंप बसविण्याचे काम हाती घेतले.

येथे एक प्रश्न उभा राहिला व त्याचे उत्तर अभियांत्रिकीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. हातपंप कोठे बसवावयाचा? गावाच्या मध्यभागी, सवर्णांच्या आळीत तो बसविला असता तर दलित स्त्रियांना तेथे हंडा लावता आला नसता. आरोळे दांपत्याने विंधनविहिरींच्या जागा दलित वस्तीत शोधावयास लावल्या. दुष्काळात सगळ्या गावाला पाणी हवे होते. सगळे गाव तेथे आले. भूगर्भातील पाणी वस्तीकडे पाहून वाहत नाही, हे भूगर्भशास्त्राला ठाऊक होतेच. परंतु त्या ज्ञानाचा असा उपयोग करता येतो, हे जामखेड परिसरात दिसून आले. परदेशी विद्यार्थ्यांना प्रथम दाखवावी अशी गोष्ट ती हीच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नकाशावर जागेची खूण करताना विद्यार्थी केवळ खडक पाहतो. गावकरी त्याच जागेवर कोण येईल आणि कोण येणार नाही, हे पाहतो.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. हातपंप आला की त्याच्या भोवती चिखल आला, चिखलात डास आले आणि डासांबरोबर हिवताप आला. प्रकल्पाने गावोगावी निवडलेल्या आरोग्यसेविकांनी, ज्यांतील बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या, लोकांकडून शोषखड्डे खोदवून घेतले. कंबरेइतका खोल खड्डा, तळाशी मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर विटांचे तुकडे व वाळू, एवढाच हा सरंजाम. आरोळे पति-पत्नींना १९७९ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तत्पूर्वी १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडच्या कामावर स्वतंत्र प्रकरण होते. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. परंतु देशोदेशीचे प्रशिक्षणार्थी जामखेडला येण्याचा प्रघात खंडित झालेला नाही.

हातपंपाचा विषय निघालाच आहे तर त्याच्या यंत्राविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण या यंत्राचा विकास महाराष्ट्रात झाला ही गोष्ट आपल्याच लोकांना फारशी माहीत नाही. साठोत्तरी काळात विंधनविहिरींवर जे ओतीव लोखंडाचे पंप बसत, ते मूळचे युरोप-अमेरिकेतील एखाद्या कुटुंबाच्या परसातील वापरासाठी घडविलेले होते. आपल्याकडे त्या पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव पाणी भरी. त्याचे दांडे मोडत, बिजागऱ्या झिजत. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा चारांपैकी सुमारे तीन पंप बंद आढळले. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांतून या पंपाला पोलादी अंग देण्यात आले, दांड्याच्या टोकाशी साखळी लावण्यात आली आणि सांधा धूळपाण्यापासून बंदिस्त करण्यात आला. सोलापुरी पंपाच्या या घडणीवरून पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. कोइमतूर भागात त्याची कसोटी घेण्यात आली आणि १९७७-७८ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. आज आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांत तो पाणी उपसतो आहे. पंप कोठे मोडतो हे हजारो मोडके पंप उघडून पाहिल्यावर कळले आणि त्यानंतर नवा आराखडा झाला, हा क्रम विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. नवे यंत्र सुचविण्यापूर्वी गावात पडून असलेली जुनी यंत्रे उघडून पाहणे हाच खरा अभ्यास होय.

साडेसात हेक्टर पाऊस आणि पावणेचार एकर ऊस

आता थोडा हिशेब करू. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी तो कागदावर मांडून पाहावा. चौथीच्या वर्गालाही तो जमण्यासारखा आहे.

दीड हजार वस्तीचे गाव घेऊ. जलजीवन मिशनने २०१९ पासून दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्याप्रमाणे या गावाला दररोज ८२,५०० लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर पाणी लागेल. जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात वर्षाकाठी ४०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर एका हेक्टरावर ४० लाख लिटर पाणी पडते. म्हणजे साऱ्या गावाची वर्षाची पाण्याची गरज सुमारे साडेसात हेक्टरांवर पडणाऱ्या पावसाइतकी भरते. गावाचे शिवार हजार हेक्टरांचे असेल तर त्यावर ४०० कोटी लिटर पाऊस पडतो. त्यातील ३ कोटी म्हणजे शंभरातील एक हिस्सासुद्धा नव्हे. पडलेले सगळेच पाणी हाती लागत नाही, बरेचसे वाफ होऊन व वाहून जाते, हे खरे. तरीही एवढ्या पावसात गावाला पिण्याचे पाणी कमी पडण्याचे कारण आकाशात शोधून सापडणार नाही.

ते जमिनीवर सापडते. ऊस पाटपाण्यावर घेतला तर वर्षभरात त्याला निदान दोन मीटर उंचीचे पाणी द्यावे लागते, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. दीड हेक्टर, अर्थात सुमारे पावणेचार एकर उसाला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात दीड हजार माणसे वर्षभर पितात, स्वयंपाक करतात, धुतात आणि न्हातात. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्या चळवळीने जिल्ह्याचे रूप पालटले, याविषयी दुमत नाही. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस हा निराळा विषय आहे. परंतु कोरडवाहू गावात विहिरीच्या पाण्यावर ऊस लावला, की त्याचा आणि गावच्या नळाचा झरा एकच असतो.

दख्खनच्या कातळाची ही मर्यादा परदेशी विद्यार्थ्याला मुद्दाम समजावून सांगावी लागते. वाळूच्या जाड थरांतून पाणी उपसणाऱ्या प्रदेशातून तो आलेला असतो. आपल्याकडील बसाल्ट खडकात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही कोठी लहान असते. पावसाळ्यात लवकर भरते आणि पाच-पंचवीस पंप एकदम चालू झाले की तितक्याच लवकर रिकामी होते. म्हणूनच महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटर अंतरात नवी विहीर घेण्यास बंदी घातली. २००९ च्या अधिनियमात ती तत्त्वे अधिक व्यापक करण्यात आली. कायदा आहे, परंतु उद्भवापासून ५०० मीटरांचे वर्तुळ काढून त्यातील विहिरी मोजलेला नकाशा किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर टांगलेला आहे? अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थ्यांना हा नकाशा चार दिवसांत करता येईल.

हिवरे बाजारने हा हिशेब कागदावर न ठेवता पिकावर आणला. नगर तालुक्यातील हे गाव १९७२ नंतर कामासाठी बाहेर पडणाऱ्या लोकांचे गाव होते. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांबरोबर डोंगरउतारावर समतल चर खणण्यात आले, नाल्यांवर बांध घालण्यात आले. पण अशी कामे इतरही गावांनी केली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण असे, की पाणी अडविल्यानंतर ते कसे खर्चावयाचे यावरही ग्रामसभेने निर्बंध घातले. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही. ऊस आणि केळी लावावयाची नाहीत. पाऊस किती पडला आणि विहिरींत किती पाणी आहे हे मोजून पावसाळ्यानंतर ताळेबंद मांडला जातो. पिण्याचे, गुराढोरांचे व वापराचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यात रब्बीची कोणती पिके घ्यावयाची ते ठरते. पाऊस कमी झाला, तर पिकाला कात्री लागते, हंड्याला नाही. श्री. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तीमागे ही ताळेबंदाची शिस्त आहे. पाहुणे विद्यार्थी तेथील बंधारे पाहून भारावतात. खरे पाहता पाहण्यासारखा आहे तो पर्जन्यमापक आणि ताळेबंदाचा फलक.

गट नंबरावर उभे राहून

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे या मालिकेतील आणखी एक गाव. स्विस जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अनेक दशके नगर जिल्ह्यात काम केले. त्यांच्या प्रेरणेने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी त्यासाठी ‘वॉटर’ ही पाणलोट संस्था स्थापन केली. दरेवाडीचे काम १९९६ नंतरच्या पाच वर्षांत झाले. या कार्यक्रमातील नियोजनाची रीत अभियंत्यांनी अभ्यासावी अशी आहे. कचेरीत बसून नकाशावर चराच्या रेघा ओढावयाच्या नाहीत. प्रत्येक गट नंबरात जावयाचे, जमिनीचा मालक व त्याची पत्नी या दोघांना तेथे बोलवावयाचे आणि उतार, मातीची खोली पाहत कोठे बांध, कोठे चर, कोठे झाडे हे जागेवरच ठरवावयाचे. पत्नीचे म्हणणे घेण्याचा आग्रह औपचारिक नव्हता. जळण, चारा आणि पाणी कोठून येते, हे तिला अधिक ठाऊक असते.

अशा रीतीला वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. एका गावाचे शिवार असे पायी पालथे घालावयाचे तर आठवडे जातात. मात्र विद्यार्थ्यांपाशी जे असते ते हेच: तरुण पाय आणि काही आठवडे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून आहे. तेथील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून गावात राहून काम करावे लागते. त्यांनी कर्जत तालुक्यातील नळयोजनांचा अभ्यास केला आहे. हे कर्जत रायगड जिल्ह्यातील, आपले नव्हे. योजना कागदावर पुरेशी असूनही शेवटच्या वाडीला पाणी का पोहोचत नाही, यासारख्या प्रश्नांचा शोध अशा अभ्यासांतून घेतला जातो. आपल्या जिल्ह्यातही लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठात कृषि अभियांत्रिकीचे शिक्षण १९६९ पासून मिळते. परदेशी विद्यार्थी येणार असेल तेव्हा यांपैकी एखाद्या महाविद्यालयाचा विद्यार्थी त्याच्या जोडीला असावा. भाषेची अडचण त्याने सुटेल हे तर झालेच. शिवाय पाहुणा गेल्यावर प्रश्न विचारावयास कोणी तरी जवळ राहील.

शौचालयाचा प्रश्न संपला काय?

पाण्याच्या मानाने शौचालयाच्या विषयाकडे पाहुण्यांचे आणि आपलेही लक्ष कमी जाते. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले, स्वच्छ भारत मिशन २०१४ मध्ये आले आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला. शौचालये बांधली गेली, यात संशय नाही. पुढचा प्रश्न जमिनीखालचा आहे.

दोन शोषखड्ड्यांचे शौचालय शास्त्रशुद्ध रीतीने बांधले तर त्यात मैला उपसण्याचे घाण काम कोणाही माणसावर येत नाही. एक खड्डा पाच माणसांच्या कुटुंबाला सुमारे तीन वर्षे पुरतो. तो भरला की मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवावयाचा आणि पहिला किमान दीड वर्ष बंद ठेवावयाचा. आत कोरडे, वास नसलेले खत तयार होते. खड्ड्याच्या भिंतीत भोके ठेवलेली असतात आणि तळ कच्चा असतो, तो पाणी मुरावे म्हणून. परंतु अनेक घरांत हौसेने एकच मोठा, खोल आणि सिमेंटने लिंपलेला हौद बांधला जातो. ‘मोठा खड्डा म्हणजे कायमचा निकाल’ ही समजूत त्यामागे असते. हा हौद भरला की उपसण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि त्या कामाला कोणाला बोलावले जाते हे आपणांस ठाऊक आहे.

काळ्या मातीच्या गावांत आणखी एक अडचण येते. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. तेथे खड्ड्याच्या भोवती सुमारे एक फूट जाडीचा वाळू-खडीचा थर भरावा लागतो. उलट मुरूम आणि भेगाळ कातळ असलेल्या गावात पाणी वाजवीपेक्षा लवकर मुरते आणि त्याबरोबर जंतूही भेगांतून जवळच्या विहिरीत पोहोचण्याची भीती असते. म्हणजे एकाच तालुक्यात दोन गावांना दोन निरनिराळे आराखडे हवेत, आणि नमुना मात्र सर्वत्र एकच वापरला जातो. देहू येथील डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी अप्पासाहेब पटवर्धनांच्या सफाईकार्याची परंपरा पुढे चालवीत, शौचालयाला जोडलेल्या गोबरवायू संयंत्रापर्यंतचे प्रयोग अनेक वर्षे केले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अशी चिकाटी काही आठवड्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्याकडून अपेक्षिता येणार नाही. परंतु एका गावातील सगळी शौचालये पाहून किती घरांत दोन खड्डे आहेत, मैला वळविण्याची कुंडी उघडता येते काय, खड्ड्यापासून विहीर किती अंतरावर आहे, एवढी नोंद तो नक्की करू शकेल. या कामात विद्यार्थिनी असल्यास अधिक चांगले. घरातील स्त्रिया या विषयावर पुरुषांशी बोलणार नाहीत.

ग्रामपंचायतीने काय मागावे?

विद्यार्थी येण्यापूर्वी त्याच्या संस्थेचे पत्र, येथील सहयोगी संस्थेचे नाव आणि अभ्यासाचा विषय ग्रामपंचायतीकडे लेखी यावा. त्याच वेळी ग्रामपंचायतीनेही आपला एक प्रश्न लेखी द्यावा. हा प्रश्न नेमका असावा. ‘पाणीटंचाईवर उपाय सुचवा’ असे म्हटल्यास गुळगुळीत उत्तर येईल. ‘उंच टाकीतून सोडलेल्या पाण्यापैकी किती पाणी गळते?’ असे विचारल्यास आकडा येईल. रात्री सर्व तोट्या बंद असताना टाकीची पातळी तासातासाला मोजली तर गळती कळते. त्यासाठी टेप आणि कंदील पुरतो. वाडीच्या शेवटच्या नळावर बादली किती सेकंदांत भरते, उद्भव विहिरीत पंप बंद केल्यावर पाणी पुन्हा चढावयास किती तास लागतात, पाणीपुरवठ्याच्या वीजबिलातील एका हजार लिटरमागे खर्च किती येतो, हे प्रश्नही असेच आहेत. गाव पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने आपल्या बैठकीत ते ठरवून घ्यावेत आणि पंचायत समितीच्या अभियंत्यांनी त्यांवरून नजर फिरवावी.

परत जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपली मोजमापे ग्रामसभेत मराठीत सांगावीत व त्यांची प्रत दप्तरी ठेवावी, हीही अट असावी. लांबलचक प्रबंध नको. तारीख, जागा, आकडा आणि मोजण्याची रीत एवढे दोन पानांत मावते. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी आला तर त्याला तीच विहीर, त्याच खुणेवरून मोजता आली पाहिजे. यासाठी विहिरीच्या काठावर रंगाने खूण करून ठेवावी.

एक व्यावहारिक अडचण मात्र राहते. युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांना मोठी सुटी जून ते ऑगस्ट या काळात असते आणि बहुतेक विद्यार्थी तेव्हाच येऊ शकतात. त्या वेळी आपल्याकडे पेरण्या चालू असतात, माणसे शेतात असतात, विहिरींना पाणी येऊ लागलेले असते आणि टँकर बंद झालेला असतो. मे महिन्यातील गाव त्यांना दिसतच नाही. काही विद्यापीठांत जानेवारीत अल्पमुदतीचे सत्र असते. त्या वेळी बोलावणे अधिक उपयुक्त होईल. तथापि मुख्य मोजणी गावानेच करावयाची आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार महिन्यांत मोजते. त्याच चार महिन्यांत शाळेतील वरच्या वर्गातील मुलांनी शिक्षकांसोबत गावच्या पाच-सहा विहिरींची पातळी दोरीला वजन बांधून मोजली आणि शाळेच्या एका वहीत उतरविली, तर जूनमध्ये येणाऱ्या पाहुण्यापुढे ठेवावयास गावाजवळ वर्षाचा हिशेब तयार असेल. दोरीला दर मीटरला गाठ मारावी. ओली दोरी ताणली जाते, म्हणून वर्षातून एकदा ती टेपवर तपासून घ्यावी.